ईस्टरच्या आदल्या शनिवारचा फोन

स्टर्लिंग नावाच्या त्या वसुलीवाल्याचं मुंडकं माझ्या बेसिनमध्ये धरून उकळत्या पाण्याने धुवावं, असं मला रोज वाटायचं. खरं सांगते, अजूनही वाटतं.

माझं अलाबामातल्या एका गावात सलून आहे. अर्लीन माझ्याकडे गिऱ्हाइकांची डोकी धुते. तिचा नवरा गेला आणि हॉस्पिटलचं बिल तिच्या गळ्यात पडलं. जमेल तसं फेडत होती बिचारी. पण हॉस्पिटलने ते बिल वसुलीच्या कंपनीला विकलं आणि हा स्टर्लिंग हात धुऊन तिच्या मागे लागला. घरी फोन, सलूनमध्ये फोन. एकदा मी उचलला तर मलाच म्हणतो, "चोर बाईला कामावर ठेवलंय तुम्ही."

त्या रविवारी अर्लीन चर्चला आली नाही. ईस्टरचं मुख्य गाणं दरवर्षी तीच गाते. यंदा नको म्हणाली. "त्याने अजून कोणाकोणाला फोन केलेत कोण जाणे. कोणत्या तोंडाने उभी राहू, व्हर्निटा?"

आमच्या गावात जिचं चर्च सुटलं, तिचं सगळं सुटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला ओढतच ओग्लट्री वकिलीणबाईकडे नेलं. ही लहानपणी माझ्याच खुर्चीत बसून भोकाड पसरायची.

"कर्ज आहे म्हणून काहीही ऐकून घ्यायचं नाही," ती म्हणाली. "कामाच्या जागी फोन नको असं आपण कळवलं, की त्यांना तिथे फोन करता येत नाही. तुझ्या कर्जाची गोष्ट दुसऱ्यांच्या कानावर घालता येत नाही. अटकेची धमकी तर नाहीच नाही. आजच कळवते. मग करू दे मेल्याला फोन! फक्त ऐकणारे चारजण हवेत."

अर्लीन मान खाली घालून म्हणाली, "चारचौघांत? मरून जाईन मी."

ईस्टरच्या आदल्या शनिवारी आमच्या चर्चची एकही बाई केस केल्याशिवाय राहत नाही. सगळे ड्रायर घोंघावत होते, केस सरळ करायच्या गरम कंगव्यांचा धूर, फोन उचलायला कोणाचा हात मोकळा नाही. म्हणून फोन मशीनवर टाकला होता. समोरचा बोलतो ते त्यात टेप होतं आणि खोलीतही ऐकू येतं. अर्लीनसाठी मी आवाज अगदी बारीक ठेवला होता.

फोन वाजला. मशीनमधून बारीक आवाज आला, स्टर्लिंगच! मी रिसीव्हर उचलायला धावले. अर्लीनने साबणाच्या हाताने माझं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने मशीनचं आवाजाचं बटण पार टोकापर्यंत फिरवलं, मग भिंतीवरचा खटका दाबून सगळे ड्रायर बंद केले.

"...बिल बुडवून मजेत बसलीयेस, अर्लीन बॅटल! सोमवारी पैसे आले नाहीत तर शेरीफ येऊन बेड्या घालून नेईल तुला!"

 मग ड्रायरखालून मदर पेटवेंनी मान बाहेर काढली. चर्चमधल्या सगळ्यात वयस्क त्या, म्हणून सगळ्यांच्याच मदर.

"शेरीफ? माझा भाचा? त्याच्यात एवढा दम असता तर माझ्या अंगणातलं गवत नसतं का कापलं?"

बायका पोट धरून हसल्या. अर्लीन रडत होती, पण मान वर होती. "ऐकलंत ना सगळ्यांनी?" तिने विचारलं.

"ऐकलं. कोर्टात जाशील तेव्हा मला घ्यायला ये, पोरी," मदर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी अर्लीन गायली.

कंपनीने पुढे बिल सोडलं, वर भरपाई दिली, वकिलीणबाईची फीसुद्धा भरली. पण मला विचाराल तर खरी वसुली कोर्टात झाली. मी सगळ्यांचे केस फुकट केले होते. ईस्टरच्या टोप्या घालून आम्ही बाकं भरून टाकली. स्टर्लिंगचं खरं नाव ड्वेन प्रूइट निघालं. फोनवर वाघ, इथे घामाघूम. "मी असं बोललोच नाही," म्हणाला.

वकिलीणबाईने टेप लावली. तो बुटांकडे बघत राहिला. त्याचे लाल झालेले कान बघून मला जेवल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात अर्लीन उठली. "जजसाहेब," ती म्हणाली, "आवाज वाढवा ना जरा. मागच्या बाकावर ऐकू येत नाहीये."