धुतलेले दंड

गावात मला कोणी चतुराबाई म्हणत नाही, वणाची म्हणतात. म्हणोत बापडे. सत्तावन्न साली आम्ही बौद्ध झालो, घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले आणि पुढच्याच वर्षी मला देवी आल्या. मी वाचले, तोंडभर वण राहिले; माझा चार महिन्यांचा सुगत गेला. गावाच्या हाती आयतं कोलीत मिळालं. देव टाकले म्हणून देवीनं तोंड खाल्लं, पोर नेलं. तेरा वर्षं हे ऐकतेय, आणि तेरा वर्षं तोंडावर पदर न घेता गावातून फिरतेय.

एकाहत्तरच्या चैत्रात पलीकडच्या गल्लीत गोमतीबाईच्या सुनेला देवी निघाल्या. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. सख्खी जाऊ उंबऱ्यात यायला तयार नव्हती. मी गेले. एकदा होऊन गेलं की आपल्याला पुन्हा होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. एरवी त्या घरात मला ओट्याच्या वर कोणी येऊ दिलं नसतं. आता त्यांच्याच माठातलं पाणी मी त्यांच्या सुनेला पाजलं. निघताना तिथेच अंघोळ करायची, लुगडं उकळत्या पाण्यात टाकायचं, मगच घर गाठायचं. रस्त्यात एक जण म्हणाला, "वणाचीले देवी भेते वाट्टे." मी म्हटलं, "भ्याच लागते."

दुसऱ्या दिवशी शिरपूरहून देवी टोचणारा जगदेव सायकलवर आला. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे दंड त्यानं टोचले, माझ्या दोन वर्षांच्या नातीचाही, रुपाचा. दर दोन-तीन दिवसांनी तो चक्कर मारायचा. पाचव्या दिवशी टोचल्या जागी फोड दिसायला हवा होता. बघतो तर एकूण एक दंड कोरे. बिचारा आमच्या बाजेवर बसला. "लसच बाद निघाली का काय?"

मला मात्र माझी माणसं माहीत आहेत. शेजारच्या पंचफुलाला मी सरळ विचारलं, "धुतलं काय वं?"

तिनं मान खाली घातली. सुईवाल्याची पाठ वळली तशी घरोघरी बायांनी कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं दंड चोळून धुतले होते. कशाला, तर देवीच्या कामात सुई खुपसली म्हणून ती रागावू नये. आणि हे बौद्धांच्या घरांत! मी गल्लीच्या मधोमध उभी राहून सगळ्यांची खरडपट्टी काढली. तेवढ्यात माझी सून भागिरथा हळूच म्हणाली, "म्या बी धुतलं, आत्याबाई."

पलीकडच्याच गल्लीत गोमतीबाईचं घर, आणि माझी नात लसीविना तशीच उघडी.

जगदेवनं रुपाला पुन्हा टोचलं. भागिरथाला समोर बसवून समजावलं. "वावरातल्या कुत्र्याले रानडुकराचं पिल्लू एकदा हुंगू दे, मंग मोठं डुक्कर आलं तरी ते सोडत नाई. आंगाचंबी तसंच आहे. ही लस म्हंजे पिल्लू. फोड येईन, ताप येईन, म्हंजे आंग वळखून राह्यलं. तू हुंगायच्या आंधीच पिल्लू हाकलून देल्लं."

भागिरथानं मान डोलावली. तो गेला आणि दिवस कलायच्या आत ती लिंबाच्या पाण्याचा तांब्या घेऊन रुपाजवळ आली. मी मधे उभी राहिले.

"सरका, आत्याबाई. तुमचं पोरगं नेलं तिनं. माही पोरगी नाई देत मी तिले."

मी तिच्या हातावर मारलं नाही, एवढंच. आणि तेरा वर्षं नवऱ्यालाही न सांगितलेलं सांगितलं.

"कोन्या देवीनं नाई नेलं. टोचणारा तवाबी आल्ता. ताप येईन म्हून म्या सुगतले कणगीत लपवला, अन् दारात उभी राहून म्हटलं, घरात लेकरू नाई. देव नदीत सोडले होते, भेव नोतं सोडलं. म्या मारला त्याले, भागिरथा. तू नोको मारू."

भागिरथानं तांब्या अंगणात नेऊन पालथा केला.

पाचव्या दिवशी रुपाच्या दंडावर टपोरा फोड आला. आठव्या दिवशी रुपा तापानं फणफणली. तिनं फोड खाजवू नये म्हणून भागिरथा दिवसभर तिचे हात धरून बसली. मला धीर द्यायचं सुचेना, माझाच जीव टांगणीला लागला होता. दुपारी पंचफुला लिंबाचा डहाळा घेऊन दाराशी आली. भागिरथा पोरीला कडेवर घेऊन तिच्या आडवी उभी राहिली.

"नेऊन टाक तो पाला. देवी-बिवी काई नाई आली. माह्या पोरीचं आंग लढून राह्यलं. पाह्यचं असन तं पाह्य, अन् तुह्या पोराले घेऊन ये टोचाले."

आत मी भिंतीला टेकून सुगतचं नाव घेऊन रडले. मोठ्यानं रडले, आणि गल्लीला ऐकू गेलं तर गेलं.