आरपार बाबांचा महामंत्र

चपलांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिन्यापासून माणसं दाटलेली. दारात एक शिष्य मोबाइलवर प्रत्येकाचा नंबर टिपून घेऊन टोकन देत होता, आणि पुढे जाड गादीवर आरपार बाबा डोळे मिटून बसले होते. भर उन्हाळ्यात त्यांनी कानांवरून रेशमी रुमाल घट्ट बांधला होता. तेज बाहेर सांडू नये म्हणून, असं शिष्य सांगत होता.

"पुढे या, आजोबा. बोलू नका! शब्द म्हणजे देहाचा मळ. मला आरपार दिसतंय. तुमच्या रक्तात साखर आहे... एकशे चौऱ्याण्णव!"

आजोबांनी धाडकन लोटांगणच घातलं. आदल्या संध्याकाळीच त्यांनी रक्त तपासून घेतलं होतं आणि आकडा तोच होता. हॉलभर "अहाहा" झालं. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी डोळे पुसले.

शेजारी बसलेल्या माझ्या जाऊबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "बघितलंस? तू मेली कशावर विश्वासच ठेवत नाहीस!"

मी काय बोलणार? मी दुसऱ्यांच्या वेबसाइट कुठून फुटतात ते शोधायची नोकरी करते. विश्वास ठेवला तर महिन्याभरात मला घरी बसवतील.

पण त्या दिवशी मला हसूही येत नव्हतं. जाऊबाईंच्या हृदयाची झडप बदललेली. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांना रोज घ्यावी लागते, जन्मभर. गोळी कमी-जास्त होऊ नये म्हणून दर महिन्याला रक्ताची तपासणी. त्या तपासणीचा आकडा बाबांनी सोमवारी डोळे मिटून सांगितला होता, दोन पूर्णांक आठ. आणि लगेच फर्मावलं होतं, "विष आहे ते! आजपासून गोळी बंद. माझं मंतरलेलं पाणी घे."

जाऊबाईंनी खरोखरच गोळी बंद केली. घरात कुणाला पत्ता नाही. मला सांगितलं तेही मोठ्या कौतुकानं. मी ऐकून गारच पडले. गुठळी मेंदूत गेली तर माणूस एका अंगानं जातो, नाहीतर सरळ जातोच.

"अहो जाऊबाई, तुमच्या पाया पडते, गोळी घ्या!"

"अगं, त्यांनी आकडा सांगितला! दशांशासकट! माझं वयसुद्धा सांगितलं. बहात्तर."

"बहात्तर? तुम्ही तर बासष्टच्या आहात."

"ते आत्म्याचं वय असतं," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या.

आत्म्याचं वय! मी घरी जाऊन त्यांचा रिपोर्ट काढून पाहिला. लॅबवाल्यानं टाइप करताना बासष्टचं बहात्तर केलं होतं. म्हणजे ज्या दिव्य दृष्टीला हाडामांसाच्या आरपार दिसत होतं, ती लॅबची टायपिंगची चूकसुद्धा इमानेइतबारे वाचत होती. बाबांना शरीर दिसत नव्हतं. रिपोर्ट दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या लॅबमध्ये गेले. लॅबच्या डॉक्टरीणबाई सरळ स्वभावाच्या. ऐकल्या ऐकल्या त्यांनी आपल्या पुतण्याला हाक मारली. लॅबची वेबसाइट त्यानं बनवलेली; तिथे क्रमांक टाकला की पेशंटला आपला रिपोर्ट दिसायचा.

"अशक्य!" पुतण्या खुर्चीत रेलून म्हणाला. "रिपोर्ट क्रमांकाच्या चौकटीत आकड्यांशिवाय काही टाइपच होत नाही. मी बंदी घातलीय."

"ती बंदी कुठे आहे? बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ना? म्हणजे चोराच्याच घरात तू पहारेकरी बसवलास. चोर त्याला बाजूला सारून थेट तुझ्या सर्व्हरला मागणी धाडतो."

डॉक्टरांच्या परवानगीनं मी तसंच केलं. क्रमांकाच्या जागी शून्य लिहिलं आणि पुढे जोडलं, 'किंवा एक बरोबर एक', अर्थात डेटाबेसच्या भाषेत. बटण दाबलं. पडद्यावर गावभरच्या लोकांचे रिपोर्ट धो धो उतरले. नाव, वय, मोबाइल, साखर, कावीळ, सगळं.

हा बाबांचा महामंत्र. यात दैवी काय आहे ते ऐका. पुतण्याचा प्रोग्रॅम डेटाबेसला हुकूम देत होता, 'ज्याचा क्रमांक अमुक, तो रिपोर्ट दे'. त्या 'अमुक'च्या जागी बाहेरून आलेला मजकूर तो डोळे झाकून चिकटवत होता. मग हुकूम काय झाला? 'ज्याचा क्रमांक शून्य, किंवा एक बरोबर एक, तो रिपोर्ट दे'. एक हा एकाबरोबर कायमच असतो, तेव्हा प्रत्येक रिपोर्ट अटीत बसला. डेटाबेस बिचारा हुकमाचा ताबेदार. त्यानं सगळं आणून ओतलं. दारातला शिष्य टोकनच्या नावाखाली मोबाइल नंबर घ्यायचा, त्या ढिगातून माणूस शोधायचा आणि फोनवरून बाबांच्या रुमालाखालच्या कानात पुटपुटायचा.

पुतण्याचा चेहरा उतरला, पण खोड जाईना. "मग मी 'किंवा' हा शब्दच गाळून टाकतो. आणि अवतरणचिन्हंही."

"हा ताईत झाला. तू एक शब्द गाळशील, तो दुसऱ्या दहा तऱ्हांनी तेच लिहील. बाबा परवडला रे, तो निदान अडाणी आहे. तू शिकून गंडेदोरे बांधतोस!"

डॉक्टरांनी खऱ्या रिपोर्टांचं दार तिथल्या तिथे बंद करायला लावलं. भोक मात्र मी मुद्दाम तसंच ठेवायला सांगितलं. त्याच्यामागे आम्ही नुसते बनावट रिपोर्ट भरले. त्यातला एक माझ्या मोबाइल नंबरवर. तो डॉक्टरांनी स्वतः चहा पिता पिता रचला.

पुढच्या बैठकीला मी टोकन घेऊन बसले. एका बाजूला जाऊबाई, दुसऱ्या बाजूला साध्या कपड्यांत डॉक्टरीणबाई. त्या दिवशी बाबांची दृष्टी जरा मंदच होती. ज्याला त्याला "मनात चिंता आहे" एवढंच सांगत होते. फुकटचं ज्ञान! चिंता नसती तर माणूस तिथे कशाला आला असता?

माझा नंबर आला. बाबांनी मान कलती केली, कानात काहीतरी पडलं आणि चेहरा खुलला.

"ये बाई, ये! तू शंका घेऊन आलीस. पण मला आरपार दिसतंय! तुझ्या प्रोस्टेटला सूज आहे!"

हॉल हळहळला. "अरेरे," मागून कुणीतरी म्हणालं.

"भारी सूज! आकडा अकरा! पण घाबरू नकोस बाई, प्रोस्टेटवर माझी खास कृपा आहे!"

डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. "महाराज, मी लॅबची डॉक्टर. प्रोस्टेट ही पुरुषांच्या शरीरातली ग्रंथी आहे. बायकांना ती नसते. हा रिपोर्ट मी काल माझ्या टेबलावर बसून बनवलाय. या बाईंच्या रक्ताचा थेंबसुद्धा मी पाहिलेला नाही."

मग मागच्या रांगेत एक आजी फिसकन हसल्या आणि बघता बघता अख्खा हॉल हसत सुटला. "देवाला सगळं शक्य आहे!" एक भक्त ओरडला. "असेल हो," आजी म्हणाल्या, "पण तिच्यात नसलेलं दिसतंय म्हणजे चष्मा तरी बदला म्हणावं!" बाबा लालबुंद झाले. "अपवित्र! हॉल अपवित्र झाला!" असं किंचाळत त्यांनी रुमाल सावरला, तेवढ्यात कानातलं यंत्र गादीवर टपकलं. शिष्य तोवर जिना उतरून गेलेला होता.

मला वाटलं, जिंकलो. पण जाऊबाई हसत नव्हत्या. जिन्यात त्यांनी माझा हात धरला. "तुझ्याबद्दल सांगितलं ते खोटं ठरलं, मान्य. पण माझा आकडा तर खरा होता ना गं?"

तेव्हा मात्र माझा तोल गेला. "खराच होता! कारण तो डॉक्टरांनी मोजला होता! तुमच्या दंडातून रक्त काढून, यंत्रात घालून मोजला. या भामट्यानं तो चोरला आणि तुम्हालाच ऐकवला. ज्या आकड्यावर गोळी ठरते तो मोजणाऱ्यांना सोडून तुम्ही गोळी फेकलीत आणि चोराचं पाणी पिताय!"

जाऊबाई पायरीवरच बसल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला पुन्हा छाती फाडून घ्यायची नाही गं. रोज गोळी हातात घेतली की तेच आठवायचं. गोळी बंद म्हटलं की वाटलं, सुटले."

माझा राग कुठल्या कुठे गेला. आम्ही तशाच लॅबमध्ये गेलो. त्यांचा आकडा एक पूर्णांक दोनवर घसरला होता, म्हणजे रक्त पुन्हा गोठण्याच्या बेतात आलं होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी तातडीनं इंजेक्शनं सुरू केली आणि गोळी पुन्हा चालू केली. गुठळी धरली नव्हती. बाबांच्या कृपेनं नव्हे, निव्वळ नशिबानं.

पुतण्याच्या दुरुस्तीला फार वेळ लागला नाही. आता हुकूम आधी पूर्ण लिहून जातो आणि क्रमांकाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह असतं. डेटाबेस आधी हुकूम समजून घेतो. बाहेरून आलेला मजकूर नंतर वेगळा हातात पडतो, आणि तो कधीच हुकूम होऊ शकत नाही. त्यात कुणी 'किंवा एक बरोबर एक' लिहिलं, तर त्या नावाचा क्रमांक शोधला जातो, सापडत नाही, विषय संपला. शिवाय आकडा आहे की नाही हे आता सर्व्हरच तपासतो, आणि रिपोर्ट उघडायला पेशंटच्या मोबाइलवर आलेला ओटीपी लागतो. मी तोच महामंत्र पुन्हा पाठवून पाहिला. कोरा पडदा.

बाबा आता दुसऱ्या गावी असतील. तिथेही एखादी लॅब असेल आणि एखादा रेलून बसलेला पुतण्या. तुमच्या दुखण्याचा अचूक आकडा सांगून कुणी तुम्हाला थक्क केलं, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा, हे याला कळलं कुठून? आणि त्याला काहीही कळलेलं असो, त्याच्या सांगण्यावरून औषध बंद करू नका.