जवाचं शेवटचं माप

संशयाला औषध नसतं म्हणतात. आम्हा इस्राएलींकडे आहे: मंदिरातलं कडू पाणी आणि एक ओमर जवाचं पीठ. नवऱ्याने संशय घेतलेल्या बायकोला ते पाणी पाजतात; दोषी असेल तर तिचं पोट सुजतं, नसेल तर काही होत नाही.

माझा मुलगा अस्रीएल हिवाळाभर लोकांची मेंढरं घेऊन लांब होता. परतला तेव्हा वाटेतच कोणीतरी त्याचे कान भरले होते. माझी सून अटारा विहिरीवर कुंभाराशी हसून बोलली म्हणे. गेल्या वर्षीच्या टोळधाडीनंतर सगळा गाव उपाशी असताना बाई हसू शकली, याचंच मला नवल वाटलं. पण हा काही ऐकेना. तिला शिलोच्या याजकापुढे उभी करायचीच, म्हणाला.

अशा बायकोसोबत पीठही न्यावं लागतं, एफा या मापाचा दहावा भाग, म्हणजे एक ओमर. त्यात तेल नाही, धूप नाही. गव्हाचंही चालत नाही. जनावरं खातात ते जवाचंच हवं. आमच्या कणगीत तेवढंच उरलं होतं. अटाराची पोर, माझी नात सेरह, तापाने अंथरुणाला खिळली होती आणि त्याच पिठाच्या पेजेवर तग धरून होती.

"मेल्या, पोरीच्या तोंडचं आहे ते," मी म्हटलं. "रानात देवाने आपल्या वाडवडिलांना माणशी रोज एक ओमर अन्न दिलं. त्याने दिलं, आणि तू काढून न्यायला निघालास?"

"आई, तू मधे पडू नकोस. शेत पिकलंय की."

पिकलं होतं खरं, दारातूनच दिसत होतं. पण याजकाने पहिली पेंढी देवापुढे ओवाळेपर्यंत नव्या जवाचा दाणा तोंडात घालायचा नसतो. ओवाळणी दुसऱ्या दिवशी होती.

"पाणी पिते मी," अटारा म्हणाली. "हवं तर घडाभर पिते. पीठ तेवढं राहू द्या हो."

"पिठाशिवाय चालत नाही." अस्रीएलने माप शिगोशीग भरलं, वर हात फिरवून सपाट केलं आणि तिला घेऊन निघाला. सांडलेलं पीठ मी बोटाने टिपलं आणि सेरहच्या जिभेवर ठेवलं.

दुपारी पोर पेज मागायचीही थांबली. शेजारी मागायला गेले, तर सगळ्यांची मडकी रिकामी. मग मी शेतात गेले. चोरून नाही, सगळ्यांच्या देखत गेले. लोंब्या खुडल्या, भाजल्या, चावून मऊ केल्या आणि तिच्या ओठांत घातल्या. देवाला कोपायचं तर माझ्यावर कोपू दे. पण घास तिच्या गालातच राहिला.

संध्याकाळी अटारा धावत आली. याजकाने विधीसाठी सोडलेले केस तसेच मोकळे होते.

"आत्याबाई, मला काही झालं नाही! मी निर्दोष ठरले! आणि ऐका ना, त्यांनी मूठभरच पीठ जाळलं, बाकीचं याजकाच्या टोपलीत गेलं. मी मागितलं, पाया पडले..."

मग तिने माझ्या मांडीवर पाहिलं.

सकाळी पेंढी ओवाळली गेली. पोरीला पुरून आम्ही परतलो, तेव्हा घराघरातून भाजलेल्या जवाचा वास येत होता.

नव्या पिकातला आपला वाटा न्यायला याजक गावात आला. मी खुडलेल्या लोंब्यांची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होतीच. मयताच्या घराचा विटाळ नको म्हणून तो अंगणाबाहेरच उभा राहिला.

"बाई, ओवाळणीआधी नवं धान्य तोंडात घातलंत. प्रायश्चित्त द्यावं लागेल. मेंढी आहे?"

"नाही."

"पारव्यांची जोडी?"

"नाही."

"मग गरिबाला एफाचा दहावा भाग चालतो. गहू निघाला की द्या."

"एक ओमर?"

"हो, एक ओमर."

"ते तुमच्याच टोपलीत आहे," मी म्हटलं. "काल माझा मुलगा ठेवून आला."

अस्रीएल मान खाली घालून पुढे झाला. "मी देतो. गहू निघाला की माप भरून आणतो."

अटारा नवऱ्याकडे वळली.

"सपाट भरा हं," ती म्हणाली. "वरून हात फिरवून."