तळ्याची मोजणी

"अरे दीडशहाण्या, तुला डोकं चालवायला सांगितलं होतं कुणी?" तळ्याकाठची अक्का भर चौकात माझ्यावर ओरडली, तेव्हा माझ्या खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बसलं होतं. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. हा मेला माझ्या माशांच्या शेपट्या कापत बसला!"

खोटं कशाला बोलू, कापल्या होत्या. पण आधी ऐकून घ्या, मग शिव्या घाला.

अक्का माझी सख्खी बहीण नव्हे, शेजारीण. पण सख्खीहून तिखट. नवरा गेल्यापासून गावचं तळं तीच सांभाळते. पहाटे जाळं टाकायचं, हातभर मासा ठेवायचा, बारका परत सोडायचा आणि बाजार गाठायचा. दोन लेकी तिनं त्यावरच वाढवल्या. अशात मत्स्यखात्याचा साहेब नवा हुकूम घेऊन आला. तळ्यात हजाराच्या आत मासे निघाले, तर दोन वर्षं जाळं बंद.

आता मासे मोजणार कसे? ती काय दावणीची जनावरं आहेत? साहेबानं अक्काच्या जाळ्यानं शंभर मासे काढले, एकेकाच्या शेपटीचं टोक कातरलं आणि दिले सोडून. "पंधरा दिवसांनी पुन्हा शंभर काढू," म्हणाला आणि माझ्याकडे दाढीला बसला.

मी सहज विचारलं, "त्यानं काय कळतं हो?"

"खुणेचे किती सापडतात, त्यावर सगळं ठरतं," साहेब म्हणाला. "जितके जास्त सापडतील, तितके..."

आणि नेमका तेव्हाच मी त्याच्या ओठांवरून साबणाचा ब्रश फिरवला.

पुढचं मी माझ्या अकलेनं भरलं. जितके जास्त, तितकं बरं! दुसरं काय असणार? पळत अक्काकडे गेलो. ती म्हणाली, "मला नाही पटत बाबा. मासा तो मासा, शेपूट कापून वाढतो होय?" मी म्हटलं, "अक्का, खुद्द साहेबाच्या तोंडचं आहे." अर्धंच होतं, हे नाही सांगितलं. पंधरा दिवस ती जाळं ओढायची आणि मी कातरायचो. उभ्या जन्मात एवढी डोकी कातरली नसतील. दोन हजार शेपट्या! हाताला फोड आले, अंगाचा वास जाईना, बायकोनं अंथरूण ओसरीवर टाकलं.

मोजणीच्या दिवशी शंभर मासे निघाले. त्यात खुणेचे ऐंशी! मी नाचायचाच बाकी होतो. साहेबाचा चेहरा मात्र उतरला.

"अरेरे. मी खुणा केल्या शंभर. आता काढलेल्या शंभरात ऐंशी ओळखीचेच! परगावच्या बाजारात जिकडेतिकडे आपल्याच गल्लीतली माणसं भेटली, तर बाजार केवढा म्हणायचा? तळ्यात सव्वाशे मासे आहेत, बाई. जाळं बंद."

अक्का म्हणाली, "साहेब, या गाढवानं दोन हजार शेपट्या कातरल्यात हो!"

"कागदावर खात्यानं केलेल्या खुणांचा रकाना आहे," साहेब शांतपणे म्हणाला. "न्हाव्यानं केलेल्यांचा नाही."

तेवढ्यात पाण्यात धप्पकन मासा उसळला. "मग हा कोण?" अक्कानं विचारलं. "सव्वाशेतला." दुसरा उसळला. "आणि हा?" "तोही त्यातलाच."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! त्यानंतर अक्का चौकात येऊन मला काय काय बोलली, ते वर सांगितलंच. पण ओरडली तोवर बरं होतं. नंतर ती बोलायचीच थांबली. दोन वर्षं लोकांच्या बांधावर खुरपत राहिली. थोरल्या लेकीची शाळा सुटली. अक्का दुसऱ्याच्या शेतात वाकलेली दिसली की मी वाट बदलायचो.

तळ्यात मात्र माशांना मासे झाले, त्यांनाही झाले. काढणारं कुणी नाही. पाणवनस्पती पार फस्त झाल्या, पाणी गढूळलं.

दोन वर्षांनी साहेब पुन्हा आला. या खेपेला मी कात्री बायकोच्या हवाली करून घरात बसलो. त्यानं स्वतःचं बारीक विणीचं जाळं आणलं, शंभर कातरले, पंधरा दिवसांनी शंभर काढले. जुन्या शेपट्या केव्हाच वाढून आल्या होत्या; नव्या खुणेचा निघाला एकच.

"दहा हजार!" साहेब हरखून ओरडला. "सव्वाशेचे दहा हजार! बंदीचं यश बघा. बाई, टाका तुमचं जाळं!"

अक्कानं जाळं फेकलं, ओढलं. आत नुसता चिखल. पुन्हा फेकलं. पुन्हा चिखल. जाळ्याच्या भोकांतून बोटभर मासे सुळसुळ निसटत होते.

"दाट पेरलं तर आपण विरळणी करतो, साहेब," ती म्हणाली. "नाहीतर एक कणीस धरत नाही. मी मोठे काढायचे, म्हणून लहानांना खायला उरायचं. आता खाणारी तोंडं दहा हजार आणि खायला गाळ. कसे वाढतील?"

"पण आकडा तर वाढला ना!"

"मग तुमचं बारीक जाळं तरी द्या."

"छे, छे! बारीक जाळ्याला बंदी आहे. लहान मासा जगला पाहिजे."

अक्कानं ओला हात पदराला पुसून पुढे केला. "असं करा साहेब, तो दहा हजाराचा कागद द्या. तोच तव्यावर टाकते."

साहेबानं कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, "देता येत नाही, बाई. मूळ प्रत वर पाठवायची आहे."