एस ड्राइव्हची चौकशी

सोमवारी सकाळी उदयभान शिक्षण प्रसारक मंडळाच्या मलकापूरच्या कचेरीतले सहा फोल्डर नाहीसे झाले आणि बुधवारी दुपारी धम्मशीला वाकोडेला फोन आला. मधल्या अडीच दिवसांत मंडळ हातावर हात धरून बसलं होतं असं मात्र कोणी म्हणू नये. सोमवारी दिवसभर सगळे कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करण्यात आले. मंगळवारी सकाळी सर्व्हरच्या कपाटाला हार घालून नारळ फोडला, दुपारी चौकशी समिती नेमली आणि संध्याकाळी समितीने अहवालसुद्धा दिला. फोल्डर कसे गेले हे समितीला कळलं नव्हतं. कोणी घालवले ते मात्र एकमताने ठरलं होतं.

धम्मशीलाचं माहेर साखरखेर्ड्याचं, दुकान मलकापूरला बसस्टँडमागे. दुकान म्हणजे एक टेबल, एक फळी आणि दुरुस्तीला आलेले दहाबारा कॉम्प्युटर. मंडळाचा सर्व्हर चार वर्षांपूर्वी तिनेच बसवला होता. कचेरीतल्या भिंतींवरून वायरी तिनेच ओढल्या होत्या आणि प्रत्येक वायरीला आपल्या हाताने चिठ्ठी चिकटवली होती. त्यानंतर मंडळाला तिची आठवण यायची ती काही बंद पडलं की, आणि तीही सगळे उपाय थकले की.

ती पोचली तेव्हा दाखल्याच्या खिडकीसमोर पालकांची रांग व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. दहावीचा निकाल लागलेला, अकरावीचे प्रवेश चालू, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याचा कोरा नमुना एस ड्राइव्हवर, म्हणजे सर्व्हरवरच्या त्याच सहा फोल्डरांत. खिडकीच्या आत वंदना मॅडम पंख्याखाली हात जोडून बसल्यासारख्या बसल्या होत्या.

"अहो, मी म्हटलं, नवा नमुना टाईप करते. दहा मिनिटांचं काम," त्या म्हणाल्या. "तर सर म्हणतात, जुना सापडेपर्यंत नवा करायचा नाही. उद्या जुना सापडला तर दोन नमुने होतील."

सर म्हणजे अधीक्षक भागवत खर्चे. ते आपल्या टेबलामागून उठून आले. हातात फाईल होती, आणि फाईल अडीच दिवसांच्या मानाने चांगली जाडजूड झाली होती.

"मॅडम, तुम्ही आल्या ते बरं झालं. तुम्हाला जास्त तसदी नाही. फक्त एक ओळ लेखी द्या. सदर फोल्डर शिपाई कडूबा यांनी डिलीट केले. खाली सही. तांत्रिक मत म्हणून अहवालाले जोडून टाकतो."

"आधी बघू तर द्या," धम्मशीला म्हणाली.

"पाहाचं काय त्याच्यात? नाहीत ना ते."

मग त्यांनी पुरावा सांगितला. रविवारी कचेरी बंद होती. किल्ली कडूबाकडे. तरी समोरच्या झेरॉक्सवाल्याने दुपारी दार उघडं पाहिलं. सोमवारी फोल्डर नाहीत. कडूबाला विचारलं की दार काऊन उघडलं, तर तो खाली पाहतो, बोलत नाही. "आता सांगा, याच्यात राहिलं काय?"

फाईलमध्ये पोलिसांकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदाही होता. चोरीस गेलेल्या मालाच्या वर्णनात लिहिलं होतं: फोल्डर, सहा नग, रंग पिवळा. तक्रार द्यायची राहिली होती ती एवढ्यासाठीच, की कुलूप तुटलं होतं की नाही याचं काय उत्तर लिहावं ते ठरत नव्हतं.

कडूबा दाराशी स्टुलावर बसला होता. सत्तावीस वर्षांची नोकरी, दोन वर्षं उरलेली. त्याने धम्मशीलाला पाण्याचा ग्लास आणून दिला, रिकामा परत घेतला आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसला. एरवी तो तिला साखरखेर्ड्याचा बाजार, पीकपाणी, सगळं विचारायचा.

सर्व्हरच्या खोलीत जाऊन तिने कपाट उघडलं. वाळलेला हार बाजूला केला, पडदा चालू केला आणि पाहिलं. प्रवेश, परीक्षा, सेवापुस्तके, पत्रव्यवहार, सभावृत्त आणि मंडळाच्या अध्यक्षांच्या नावाचा 'भाऊसाहेब'. सहाच्या सहा होते.

"सर, या इकडे."

भागवत सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हे आपलेच?"

"उघडून पाहा."

त्यांनी सभावृत्त उघडलं. मार्चच्या सभेचं इतिवृत्त होतं, त्यातली त्यांनी स्वतः केलेली शुद्धलेखनाची चूकही जशीच्या तशी होती. ती पाहून त्यांना ओळख पटली.

"मग गेले कुठं होते?"

"कुठेच गेले नव्हते. इथंच आहेत."

"इथं आहेत, तं वंदना मॅडमच्या टेबलावर काऊन दिसत नाहीत?"

"तेच शोधायला आले."

भागवत सरांनी हातातली फाईल पुन्हा चाळली. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "कडूबानं इथून तिथली वाट बंद केली."

वंदना मॅडमच्या खुर्चीवर बसून धम्मशीलाने हुकूम टाईप करायची काळी खिडकी पडद्यावर उघडली आणि त्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे नंबर, पाहिला. तो तिने दिलेल्या पत्त्यांतला नव्हताच. शेजारचा पाहिला, तोही नाही. तिसराही नाही.

"मॅडम, काय झालं?" वंदना मॅडमनी विचारलं.

"सकाळी कॉम्प्युटर चालू झाला ना, की तो आधी विचारतो, माझा नंबर काय आणि कोणाचा ठावठिकाणा कोणाला विचारू? त्याचं उत्तर आपला सर्व्हर देतो. पण हे सगळे आता दुसऱ्याच कोणाला तरी विचारून राहिलेत. आणि तो दुसरा सर्व्हरला ओळखतच नाही. मग फोल्डर कुठून दाखवेल?" ती सरांकडे वळली. "कचेरीत नवीन डबा आला का एखादा? वायफायचा?"

वंदना मॅडमनी कीबोर्डाकडे पाहिलं. भागवत सरांनी कूलरकडे पाहिलं.

"भंडार नोंदवहीत तरी नाही," ते म्हणाले. "आणि नोंदवहीत नाही म्हणजे कचेरीत नाही."

मधल्या बोळात, छताजवळ, सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात ती पेटी होती. धम्मशीलाने शिडी मागितली. कडूबाने ती आणली आणि खालून धरून उभा राहिला. पेटीत तिच्या सोळा करड्या वायरी होत्या, सोळा चिठ्ठ्यांसकट. आणि दोन निळ्या, कोऱ्या, बिनचिठ्ठीच्या. तिने नजरेने त्यांचा माग काढला. एक इथून निघून संस्थापकांच्या तसबिरीवरून अध्यक्षांच्या केबिनच्या झरोक्यात जात होती. दुसरी त्याच झरोक्यातून बाहेर येऊन पुन्हा याच पेटीत शिरत होती.

"कडूबामामा, ह्या वायरी कधी लागल्या?"

कडूबाने बोळाच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं.

"रविवारी," तो म्हणाला. "भाऊसाहेबाचा भाचा आला होता ना, गोकुळ. मोबाईलचं दुकान हाय त्याचं. भाऊसाहेबाचा फोन आला, दार उघडून दे म्हणे. म्या देल्लं."

"मग हे सांगितलं का नाही?"

"कोणाले सांगू ताई? साहेबाच्या भाच्याचं नाव शिपायानं घ्याचं, आन् मंग ह्याच कचेरीत दोन वर्षं काढाची?" त्याने शिडी घट्ट धरली. "अन् मले काय समजते त्याच्यातलं? खरंच माह्याच हातून काही झालं असंन असं वाटून राह्यलं होतं मले. दोन दिवसांपासून तेच डोक्यात हाय."

ती वर वळली आणि दोन्ही निळ्या वायरी उपटल्या. खाली उतरून वंदना मॅडमचा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. एस ड्राइव्ह उघडला. पिवळे सहा नग एका ओळीत उभे होते.

"आले! आले!" वंदना मॅडम ओरडल्या आणि खिडकीबाहेरच्या रांगेत, काय आलं ते न कळताही, एकदम हालचाल झाली.

"थांबा," भागवत सर पुढे झाले. "दाखले मग. आधी पत्रव्यवहारात जा. कारणे दाखवा नोटिशीचा नमुना काढा. नमुना सापडत नव्हता म्हणून कडूबाची नोटीस मले हातानं लिहावी लागली. बरं दिसत नाही ते. आता टाईप करून द्या."

वंदना मॅडमनी धम्मशीलाकडे पाहिलं. जो फोल्डर कडूबाने चोरला म्हणून नोटीस निघत होती, तो फोल्डर उघडून त्यातूनच ती नोटीस छापली गेली. भागवत सरांनी हाताने लिहिलेली आणि टाईप केलेली अशा दोन्ही प्रती पाहिल्या आणि समाधानाने मान हलवली.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. मंडळाचे अध्यक्ष हिंमतराव, म्हणजे भाऊसाहेब, केबिनमध्ये गेले आणि दुसऱ्याच मिनिटाला आतून हाक आली.

"भागवत! माह्यं नेट कुठं गेलं बे? साडेचारले सगळ्या मुख्याध्यापकांची ऑनलाइन सभा हाय माही!"

भागवत सर धावले. त्यांच्यामागे धम्मशीला गेली.

"मी काढलं, भाऊसाहेब," ती म्हणाली. "त्या दोन निळ्या वायरी काढल्या तेव्हा फोल्डर आले."

हिंमतरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाच्या कोपऱ्यातल्या दोन शिंगांच्या पांढऱ्या डब्याकडे पाहिलं.

"म्हणजे फोल्डर माह्या वायफायनं नेले?"

"नाही नाही, भाऊसाहेब," भागवत सर घाईने म्हणाले, "तसं नाही म्हणत त्या..."

"तसंच म्हणते," धम्मशीला म्हणाली. "नेले नाहीत, पण वाट चुकवली. डबा चांगला आहे. त्याला आत जाणारी एक वायर पुरे होती. लावणाऱ्याने डब्याला भोकं दिसली म्हणून दुसरीही लावली आणि ती परत कचेरीत आणून सोडली. मग नंबर वाटणारे दोन झाले. एक सर्व्हर, एक हा. आणि कॉम्प्युटर ह्याचं ऐकायला लागले."

"एका मंडळात दोन अध्यक्ष," हिंमतराव ताबडतोब म्हणाले. मागे एकदा मंडळाचे दोन गट पडून तसं झालं होतं आणि दीड वर्ष शिक्षकांना कोणाला नमस्कार करावा ते कळत नव्हतं. त्यामुळे एवढी तांत्रिक गोष्ट त्यांना भागवत सरांच्या आधी कळली. "मग लावून द्या बरोबर. किती वेळ लागते?"

"एक मिनिट. पण माझ्या कामाच्या नोंदीत मला खरं कारण लिहावं लागेल. आणि कडूबामामांच्या नोटिशीत दुसरंच कारण लिहिलंय. दोन्ही कागद एकाच फायलीत लागतील, तेवढं सांगते."

भागवत सरांनी फाईल छातीशी धरली.

"कोणती नोटीस?" हिंमतरावांनी विचारलं.

"तुमची सही आहे, भाऊसाहेब. काल."

"मी का वाचून सह्या करतो? आणा इकडं." त्यांनी हाताने लिहिलेली प्रत घेऊन मोठ्याने वाचली. "'आपण हेतुपुरस्सर सहा फोल्डर नष्ट करून मंडळाची अपरिमित हानी...' भागवत, कडूबाले कॉम्प्युटर चालू तरी करता येते का?"

"समितीचं तसं मत पडलं, भाऊसाहेब."

"कोण होतं समितीत?"

"मी होतो, वंदना मॅडम होत्या," भागवत सर म्हणाले, "आणि अध्यक्ष तुम्ही होते."

हिंमतरावांनी कागद खाली ठेवला.

"रविवारी मीच फोन केला होता त्याले," ते म्हणाले. "गोकुळले दार उघडून दे म्हणून." आणि जरा खालच्या आवाजात पुढे म्हणाले, "मग बोलला काऊन नाही तो?"

"विचारताना उत्तर ठरवूनच विचारलं होतं त्यांना," धम्मशीला म्हणाली.

कोणी आपल्याशी असं बोलावं याची हिंमतरावांना सवय नव्हती. ते रागावतील असं भागवत सरांना वाटलं, धम्मशीलालाही वाटलं. पण साडेचारला दहा मिनिटं उरली होती. त्यांनी नोटिशीचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

"भाऊसाहेब," भागवत सर चाचरत म्हणाले, "नोटीस फाडली ते ठीक आहे. पण जावक नोंदवहीत तिचा नंबर पडलेला आहे. चारशे बारा. पुढं कडूबाचं नाव आहे. खाडाखोड चालत नाही. त्या नंबरानं कडूबाले काहीतरी पत्र जाणं भाग आहे."

"मग चांगलं काहीतरी पाठव!"

धम्मशीलाने शिडीवर चढून एकच निळी वायर परत लावली, तिला चिठ्ठी चिकटवली आणि दुसरी गुंडाळून भागवत सरांच्या हातात दिली. भंडार नोंदवहीत ती कोणत्या पानावर घ्यावी या विचारात ते पडले. केबिनमध्ये नेट आलं. खिडकीत दाखले निघू लागले.

ती पिशवी आवरून बाहेर पडत होती, तेव्हा कडूबा व्हरांड्यात कागद घेऊन उभा होता. कागदाची घडीही त्याने मोडली नव्हती.

"ताई, एवढं वाचून सांगता का? अक्षर बारीक हाय. मले काढलं तं नाही ना?"

तिने कागद उघडला. पत्रव्यवहार फोल्डरात अभिनंदनाचा एकच नमुना होता, शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांचा. भागवत सरांनी त्यात फक्त नाव बदललं होतं.

"'श्री. कडूबा यांस,'" तिने वाचलं, "'आपण संपादन केलेल्या उज्ज्वल यशाबद्दल मंडळातर्फे आपले, आपल्या पालकांचे व गुरुजनांचे हार्दिक अभिनंदन. भावी आयुष्यात आपण असेच चमकत राहावे.' खाली भाऊसाहेबांची सही."

"कायचं यश?"

"ते लिहिलं नाही."

"पालक तं जाऊन वीस वर्षं झाले माहे," कडूबा म्हणाला. त्याने कागद परत मागितला नाही. "पुन्हा एकडाव वाचा बरं. सगळं."

तिने पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश. 'काढून टाकणे', 'खुलासा', 'सात दिवसांच्या आत' असा एकही शब्द कुठे नाही हे त्याने नीट कान देऊन ऐकलं. मग त्याने कागदाची चौघडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि ती आल्यापासून पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

"घरी सांगितलंच नव्हतं मी," तो म्हणाला. "मंडळी पुसे, जेवत काऊन नाही तुम्ही, तं मी म्हणे, पोट दुखते. आता काय सांगू तिले?"

"सगळं सांगा."

"सगळं सांगतलं तं गोकुळच्या नावानं बोटं मोडंन थे. अन् तोंड चालते तिचं, गावभर होईन." त्याने खिशावर हात ठेवून जरा विचार केला. "नाही ताई. आज पोट दुखायचं राह्यलं एवढंच सांगतो. भाकर वाढ म्हणतो."