एक्का शेवटी मोजावा

मित्रांनो, खरं तर आम्ही बावन्न जण आहोत. पण इतकी वर्षं एकाच डब्यात काढल्यावर आपण वेगवेगळे आहोत हेच विसरायला होतं, म्हणून 'मी' म्हणतो. पत्त्यांचा जुना कॅट आहे मी. माझ्या कडा मऊ पडल्या आहेत आणि चौकटच्या राणीच्या गालावर चहाचा डाग आहे.

छापखान्यात एका मोठ्या तक्त्यावर माझा जन्म झाला. मग पात्याने कापलं, कोपरे गोल केले आणि डब्यात भरलं. नवा होतो तेव्हा इतका गुळगुळीत होतो, की पिसताना हातातून निसटून फरशीभर पसरायचो. शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मला विकत आणलं. त्याच्या बायकोला पत्ते येत नव्हते. तिला शिकवायला त्याला एक दुपार पुरली. पुढची तीस वर्षं तो तिच्याकडून हरत राहिला.

त्या घरात एकवीसचा डाव चालायचा. एकेक पान घ्यायचं आणि बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. एकवीस ओलांडलं की फुटलात. राजा, राणी, गुलाम दहा-दहाचे. एक्का मात्र लहरी. तो अकराही होतो, आणि अकराने फुटायची वेळ आली तर एकही होतो.

त्यांची मुलगी बेरीज शिकली ती माझ्यावरच. शाळेत बाईंनी दहा अधिक सात किती विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सतरा, आणि मी आता पान घेणार नाही." किलवरची सत्ती हरवली तेव्हा आईने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नवी सत्ती केली. ती पाठीमागूनही ओळखू यायची. तरी सगळे ओळखत नसल्याचं सोंग करायचे, आणि सगळ्यात चांगलं सोंग बाबांचं असायचं.

मग आई गेली. वर्षभर माझा डबा कोणी उघडला नाही. मी तक्रार करत नाही, मित्रांनो. ज्यांचा भिडू जातो, त्यांना डाव मांडावासा वाटत नाही.

डबा उघडला तो एका रविवारी दुपारी, आणि तोही खेळायला नव्हे. मुलगी आता मोठी झाली होती. रुग्णालयाच्या खिडकीत बसून ती पंधरा वर्षं केसपेपर लिहीत होती. ती खिडकी बंद होणार होती. जे संगणकाची परीक्षा पास होतील ते तिथल्याच संगणक विभागात जाणार, बाकीच्यांची बदली सहा तासांवरच्या गावाला. बाबा म्हणत होते, मी एकटा मजेत राहीन. पण ते दिवसाआड दूध उतू घालवत होते, आणि तिला ते भांड्यांवरून कळत होतं.

परीक्षा गुरुवारी होती. एकवीसच्या डावातली पानं दिली, की त्यांची बेरीज सांगेल असा प्रोग्राम लिहायचा होता. शिकवणाऱ्या सरांनी तपासायला दहा हात, म्हणजे पानांचे दहा संच, दिले होते. तिचे आठ बरोबर येत, दोन चुकत.

तिने मला टेबलावर ठेवलं आणि बाबांना पानं वाटायला सांगितली. तिने संगणकाला सांगितलं होतं ते असं: एक्का आला आणि तोवरची बेरीज दहा किंवा कमी असेल, तर अकरा मिळव, नाहीतर एक मिळव. बाबांनी नश्शी, पंजी, एक्का अशी पानं टाकली. पंधरा आले. बरोबर. मग तीच पानं उलट्या क्रमाने टाकली: एक्का, पंजी, नश्शी. अकरा, सोळा, पंचवीस. फुटली.

"पानं तीच, आणि बेरजा दोन," ती म्हणाली. "मला उत्तर कळतं, बाबा. पण ते मला कसं कळतं, हे सांगता येत नाही."

वरच्या मजल्यावरची आत्या तिथेच भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "पंधरा वर्षं माणसांची रांग मोजलीस, आणि तीन पानं मोजता येईनात?"

मुलगी हसली नाही. पण बाबांनी पुन्हा पानं टाकली, आणि या वेळी नकळत एक्का ओळीतून सरकवून खाली आडवा ठेवला.

"आडवा का ठेवलात?"

बाबा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "तुझी आई ठेवायची," ते म्हणाले. "म्हणायची, हा लहरी आहे. आधी बाकीच्यांना बसू द्या. मग उरेल त्या जागेत हा बसेल."

 आत्याने विचारलं, की दोन एक्के आले तर काय करायची ती?

"सगळे एक्के आधी एक-एकच धरायची," बाबा म्हणाले. " शेवटी बघायची, दहा घातले तर एकवीसच्या आत राहतं का. राहिलं तर घालायचे. पण एकदाच."

मुलीने टेबल सोडलं ते थेट संगणकाकडे. जुन्या ओळी खोडल्या. आता ती एकेका पानाला घाई करत नव्हती. बेरीज पूर्ण झाल्यावर एकच 'जर' विचारत होती. दहाच्या दहा हात बरोबर आले. आत्याने मेथीची काडी हातात धरूनच टाळी वाजवली.

गुरुवारी ती पास झाली. घरी येऊन तिने सांगितलं, की सरांनी प्रोग्रामच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं होतं. यंत्र ती ओळ वाचत नाही; ती फक्त पुढे वाचणाऱ्या माणसांसाठी असते.

"काय लिहिलं होतंस?" बाबांनी विचारलं.

"आईची रीत. एक्के शेवटी मोजावेत."

बाबांनी चष्मा पुसला, आणि पाण्याचा पेला दूर सरकवून मला पिसायला घेतलं.

मित्रांनो, मला ओल्या हाताने धरू नका, दुमडू नका. एवढी काळजी पुरे. पण जपायचं म्हणून बंद करून ठेवू नका. मला पिसा, वाटा, माझ्यावरून भांडा. आत्या या घटकेला फुटली आहे, आणि तिसरं पान आपण मागितलंच नव्हतं असं शपथेवर सांगते आहे.