उखळातला चार बोटे पाऊस

मी एक जुने उखळ आहे. मित्रांनो, मी दगड आहे हे मला पक्के ठाऊक आहे. मला शहाणे समजणाऱ्या माणसांना मात्र ते कधी कळले नाही.

स्वामीमलैकडच्या एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले. कुंभकोणमला मीनाक्षीबाईंच्या परसात मी भात कांडायला आले. पण तिथे माझ्या अंगाला भलतीच विद्या चिकटवण्यात आली. पाऊस होऊन गेला की त्यांचे थोरले चिरंजीव अप्पाराव माझ्यात बोटे बुडवत. उखळ काठोकाठ भरले असले की इन्नंबूरच्या शेतावर नांगर निघे. चार बोटेच पाणी असले की बैलांना सुट्टी. तिथली जमीन सपाट आणि मऊ, म्हणून अंदाज बरोबर येई. श्रेय अर्थात अप्पाराव घेत, आणि सारी आळी त्यांना पावसाचे विचारायला येई.

तंजावर खालसा झाले आणि दरबारच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा अप्पाराव एका गोऱ्या मळेवाल्याचे कारभारी झाले आणि कोल्लीमलैच्या डोंगरात कॉफी लावायला निघाले. आता आपले उखळ पांढरे होणार, असे ते गावभर सांगत सुटले. बायको भुवनेश्वरी आणि धाकटा भाऊ सेतू बरोबर होते. मलाही बैलगाडीत घातले, कारण माझ्यावाचून यांना पाऊस कळणार नव्हता. गाडीत माझ्यासाठी जागा झाली, अकलेसाठी झाली नाही.

चैत्रात साहेबाने लागवडीपुरता उतार जाळायला सांगितला. वारा सुटला होता. तो पडेपर्यंत थांबू, असे सेतू म्हणाला. अप्पारावांनी काडी लावलीच. आग हाताबाहेर गेली आणि ओढ्याच्या वरचा सगळा माथा काळा झाला. साहेब खूश झाला. त्याला फुकटात साफ जमीन मिळाली.

आता नीट ऐका, कारण साहेब आणि अप्पाराव या दोघा शहाण्यांनी हे ऐकले नाही. जंगलाची जमीन पालापाचोळ्याखाली पाऊस पिऊन घेते. ती जळली की पाल्यातला तेलकटपणा मातीत उतरतो, वर राख बसते, आणि माती तुपकट भांड्यासारखी होते. पाणी पडते आणि घसरते. काळा उघडा उतार उन्हाने तापतो, त्यावरची हवा वर चढते, दरीतला ओला वारा तिच्यामागे ओढला जातो आणि दुपारी ढग नेमका तिथेच उभा राहतो. त्याला पुढे ढकलणारा वारा नसला, तर तो सगळे पाणी एकाच माथ्यावर ओततो. हे मला दगड असून समजते, कारण माझ्यातही पाणी मुरत नाही. तो डोंगर माझ्यासारखा झाला होता.

वैशाखातल्या एका दुपारी तसाच ढग माथ्यावर उभा राहिला. आमच्या घरापाशी सरीची शेपटी तेवढी येऊन गेली. सेतू खाली, ओढ्याकाठच्या झोपडीत कॉफीची रोपे राखत होता. तिथून झाडीमुळे माथा दिसत नसे. भुवनेश्वरीने वर पाहिले आणि नवऱ्याला म्हणाली, "सेतूभावजींस वर बोलवा. माथ्यावर अंधार किती आहे, बघा."

अप्पारावांनी ढगाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी माझ्यात हात घातला.

"चार बोटें पाणी," ते म्हणाले. "इतक्या पावसांत आमचे कुंभकोणांत नांगरही निघत नाही. ओढ्यास काय पूर येणार?"

"उखळ अंगणांत आहे," ती म्हणाली. "डोंगरावर किती पडला, तें कोणी मोजलें?"

बायकोने आपल्याला विचारावे, हेच त्यांना झोंबले. रोपे सोडून सेतू वर आला तर त्याची खैर नाही, असे बजावून ते आडवे झाले. ती स्वतःच हाका मारत उतारावरून धावली. अर्ध्या वाटेवर तिला ओढ्याचा आवाज आला. राख, दगड आणि जळके ओंडके घेऊन काळे पाणी वळणावरून आले, आणि झोपडी होती तिथे काही उरले नाही. सेतूचे प्रेत दुसऱ्या दिवशी खूप खाली सापडले.

मळा बुडाला. साहेबाने दुसरा डोंगर धरला आणि आम्ही कुंभकोणमला परतलो. पाऊस किती झाला होता, असे मीनाक्षीबाईंनी विचारले. अप्पाराव डोळे पुसत म्हणाले, "उखळ भरून वाहत होतें, आई. देवाची करणी."

मला तोंड असते तर मी तिथेच थुंकले असते. बोलली ती भुवनेश्वरी. "भरलें नव्हतें. चार बोटें होतें. भावजींस वर बोलवा म्हटलें, हे नको म्हणाले."

मीनाक्षीबाई रडल्या नाहीत. त्यांनी मला पालथे घालायला लावले, आणि थोरल्या मुलाशी त्या मरेपर्यंत बोलल्या नाहीत.

मी अजून तसेच पालथे पडून आहे, नवे उखळ घरात आले आहे. अप्पाराव म्हातारे झालेत. ते माझ्याच पाठीवर बसून आल्यागेल्याला पावसाचे अंदाज सांगतात आणि लोक माना डोलावतात. भुवनेश्वरी तेवढी उठून आत जाते.

मित्रांनो, मला सुलटे करा किंवा पालथेच ठेवा, माझे काही अडत नाही. डोंगरावरचा पाला मात्र जपा. पाऊस धरतो तो तोच. आणि माथ्यावर ढग उभा दिसला की माझ्यासारख्या दगडात बोटे घालत बसू नका. आधी खालच्या माणसाला हाक मारा. पाणी नंतर मोजता येते.